पहिल्या धुण्यातला रंग

आमच्या घरात कुठल्याही रंगावर पाहिल्याबरोबर विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. बाबांचं शिरोड्याच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. नवा माल आला की गठ्ठ्याची दोरी पुरती सुटायच्या आधी बाबांच्या खिशातला पांढरा रुमाल बाहेर यायचा. रुमालाचं टोक पाण्यात बुडवायचं, लुगड्याच्या काठावर जोर देऊन घासायचं आणि दाराच्या उजेडाकडे धरून बघायचं. टोकाला रंगाची झाक दिसली की गठ्ठा परत. माल आणणारा दलाल दर वेळी तेच म्हणायचा, "भाऊ, पहिल्या धुण्यात जरा सुटतो, मग नाही." बाबा त्याचं सगळं ऐकून घ्यायचे, त्याला पाणी द्यायचे आणि दोरी पुन्हा बांधायला लावायचे. त्यामुळे 'पहिल्या धुण्यातला' हा शब्द आमच्या घरात फसव्या वस्तूसाठी रूढ झाला होता. फणस वरून पिकलेला वाटला आणि आतून कच्चा निघाला की आई म्हणायची, "ह्यो पण पहिल्या धुण्यातलोच."

बाबांची थोरली बहीण, म्हणजे आमची आते, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायची. तिचा संशय कापडापुरता नव्हता. सकाळी मासेवाली खळ्यात, म्हणजे आमच्या अंगणात, पाटी टेकायची, तेव्हा आते एकेका बांगड्याचे कल्ले उचलून आत डोकावायची. मासेवाली ओरडायची, "घेवचो तर घे गो बाये, तेच्या घशात काय सोना आसा?" आते म्हणायची, "सोना नाय, कालची तारीख आसा." हे भांडण रोज व्हायचं आणि त्याच्या आवाजाने आम्ही उठायचो. पलीकडे सुरूच्या झाडांतून वारा घुंघुं करत असायचा, चुलीवर पेज रटरटत असायची. मी ह्या घरात वाढले. माझ्याशी गोड बोलणाऱ्या माणसाकडे मी आजही आधी त्याचे कल्ले उचलून बघते, आणि त्याबद्दल मला काही वाईट वाटत नाही.

मी मॅट्रिकच्या निकालाची वाट बघत होते त्या मे महिन्यात आमच्या खळ्यात मोटार आली. आमच्या शेजारचे गणूकाका माझ्या थोरल्या बहिणीसाठी, ताईसाठी, स्थळ घेऊन आले होते. मुलगा त्यांच्या मेहुण्यांचा, मधुकर नावाचा, मुंबईला असणारा. "नोकरी बरी आसा, स्वतःची गाडी आसा," गणूकाका आधीच सांगून गेले होते. ताईला त्याआधी दोन-तीन ठिकाणची माणसं बघून गेली होती आणि कुणाकडून होकार आला नव्हता. ती दिसायला बरी होती, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. हे बऱ्याच सासवांना रुचत नाही.

गाडी बाटलीसारख्या गर्द हिरव्या रंगाची होती. रस्ता आमच्या खळ्यापाशी संपत होता आणि पुढे गणूकाकांच्या घराला जायला माडांतून नुसती पाणंद, म्हणून गाडी आमच्याकडेच झापांच्या मांडवाखाली उभी राहिली. मधुकर उंच, किडकिडीत, पांढऱ्या शर्टातला. आमच्याशी छापील मराठीत बोलत होता. काळ्या वाटाण्यांची उसळ आणि आंबोळ्या त्याने न लाजता खाल्ल्या, सोलकढी दोनदा मागितली. बाबांनी गाडीचा विषय काढला तेव्हा म्हणाला, "आमची गाडी समुद्राच्या वाऱ्याला नवी आहे. मिठाने रंग खराब होतो. चार-पाच दिवस मी इथे आहे, रोज धुवायला हवी." गणूकाका मध्येच म्हणाले, "स्वतःची गाडी म्हटल्यावर जपूचीच लागता." मधुकरने सोलकढीचा पेला तोंडाला लावला.

तो पाणंदीकडे वळल्याबरोबर आते ओटीवर आली. "मुंबयत लोकांका खोली गावना नाय, आणि ह्येका गाडी गावता?" बाबा सुपारी कातरत होते. गोव्याची हद्द आमच्यापासून जवळ, तिथे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य, आणि त्या हद्दीवरून रात्री काय काय येतं-जातं ह्याच्या गोष्टी बाजारात रोज ऐकू यायच्या. "हद्दीजवळ रिकामी गाडी घेवन येणारो माणूस," बाबा म्हणाले आणि वाक्य तिथेच ठेवलं. मग माझ्याकडे वळले. "सकाळी तू धू ती गाडी. तेका सांग, आमच्या घरात पावण्यान काम करूचा नसता. आणि धुता धुता बघ. सीटखाली, मागच्या पेटयेत, सगळीकडे. काय गावला तर माका सांग." ताई आत तांदूळ निवडत होती. तिने सूप थांबवलं. ह्या वेळेला नकार आला किंवा आपल्याला द्यावा लागला तर पुढचं स्थळ वालावलच्या एका बिजवराचं होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

तर अशी मी गाडी धुवायला गेले, हेर म्हणून. मोटारीला त्याआधी मी हातसुद्धा लावलेला नव्हता. पण चकचकीत करायच्या वस्तू घरात पुष्कळ होत्या. समया, तांब्याची कळशी, पितळी डबे. त्यांचं साधन मला माहीत होतं. मी पदर खोचला, चुलीतली चाळलेली राख घेतली, नारळाच्या सोडणाचा एक जाड तुकडा पाण्यात भिजवला, राखेत बुडवला आणि पुढच्या मडगार्डवर टेकवला. एवढ्यात पाणंदीतून कुणीतरी धावत आलं. "थांब गो! थांब! काय करतंस ह्या?" मधुकरचं छापील मराठी वाटेतच गळून पडलं होतं. त्याने माझ्या हातातलं सोडण काढून घेतलं, मडगार्डवर वाकला, बोट फिरवून बघितलं आणि सुस्कारा टाकला. मला पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस आमच्याकडचा आहे. लगेच दुसरा विचार आला, की आमच्याकडचा आहे तर काल छापील कशाला बोलत होता?

"पावण्यान काम करूचा नसता," मी बाबांचा निरोप दिला. "मग मी करत नाही, सांगतो," तो म्हणाला. पुन्हा छापील. आणि त्याने सांगायला सुरुवात केली. आधी कोरड्या फडक्याने पुसायचं नाही. गाडीवर वाळू असते, फडक्याखाली वाळू फिरली की रंगावर ओरखडे उठतात. आधी नुसतं पाणी सोडायचं, टपापासून खाली, म्हणजे वाळू आपल्या पायांनी चालत जाते. मी आमच्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी ओतलं. ते वाळल्यावर हिरव्या रंगावर पांढरे ठिपके उमटले, बॉनेटला देवी आल्यासारखे. आमची बाव समुद्राच्या अंगाला, पाणी मचूळ. भांडी-कपड्यांना चालायचं, प्यायला देवळाजवळच्या बावीचं आणायचो. गाडीला तेच लागणार होतं. मी कमरेवर कळशी घेऊन देवळाकडे खेपा घालायला लागले तशी आते ओरडली, "देवाक घालूचा पाणी गाडयेक घालतंस? उद्या नैवेद्य पण दाखव!"

फडक्यांचंही तसंच. मी दुकानातून मांजरपाटाचे तुकडे आणले. त्याने तळहातावर घासून बाजूला ठेवले. मलमलीचा तुकडा आणला, तो चालला. "किनार फाडून टाक, शिवण रंगाला लागते." मी कापडवाल्याची मुलगी, कापडाबद्दल मला कुणी सांगावं हे आवडलं नाही, पण त्याचं बरोबर होतं. आता मी स्वतः गाडी चालवते आणि रविवारी स्वतःच धुते. इमारतीतला एक माणूस सगळ्यांच्या गाड्या एकाच बादलीत, एकाच फडक्याने पुसतो. त्याचं फडकं फिरताना जो बारीक किरकिर आवाज येतो तो वाळूचा, हे मला खिडकीतून कळतं. मी त्याला माझ्या गाडीजवळ फिरकू देत नाही.

दोन दिवस मी नुसती धुतच होते आणि शोधत होते. सीटखाली सापडलं ते म्हणजे एक पाना, सुतळीचं भेंडोळं आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं खाजं. मागच्या पेटीत सुटं चाक आणि घोंगडी. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या तोंडावर निराशा दिसली. "घोंगडयेखाली?" "चाक." "चाकाखाली?" "पत्रो." "पत्र्याखाली खळा," आते म्हणाली, "आता काय खळा खणूचा?" तीही निराशच झाली होती. ताईने मात्र त्या दिवशी मला विचारलं, "खाजां अर्धाच खाल्ल्यान?" मी हो म्हटलं. "ठेवन खाणारो आसा," ती म्हणाली आणि विहिरीवर गेली.

तिसऱ्या दिवशी मधुकरने पॉलिशचा चपटा डबा माझ्या हातात दिला. आत मेणासारखं काहीतरी होतं, रॉकेलसारख्या वासाचं. गाडी सावलीत हवी, पत्रा हाताला गार लागायला हवा. बोटाच्या पेराएवढं पॉलिश घ्यायचं, एका वेळी हातरुमालाएवढी जागा धरायची, गोल गोल फिरवायचं, धुरकट पांढरं होऊन सुकू द्यायचं आणि मग स्वच्छ फडक्याने पुसायचं. एवढं सांगून तो गणूकाकांकडे जेवायला गेला. मी पहिली जागा घासली आणि पुसली. तिथे माडांच्या झावळ्या उलट्या दिसायला लागल्या, माझं तोंड दिसायला लागलं. मला बरं वाटलं. मग मी फडकं उलटलं. ते हिरवं झालं होतं. झाक वगैरे नव्हे, चांगलं हिरवं, अळूच्या पानासारखं.

मी कापडवाल्याच्या घरात वाढलेली; फडक्याला रंग लागला ह्याचा एकच अर्थ मला माहीत होता. दुसरी जागा घासली, पुन्हा हिरवं. बाबा दुपारी जेवायला आले तेव्हा मी ते फडकं त्यांच्यासमोर धरलं. ते हातपाय न धुताच मागे फिरले. मांडवात जाऊन त्यांनी खिशातला रुमाल काढला, ओला केला, मागच्या दारावर घासला. काही आलं नाही. मग रुमालाच्या दुसऱ्या टोकाला पॉलिश लावलं आणि तसंच घासलं. हिरवं. बाबांनी रुमाल उजेडाकडे धरला. इतके दिवस चुकलेली वस्तू सापडावी तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "रंग सुटता," ते म्हणाले. "माल कच्चो." आते दारातच उभी होती. "माल कच्चो तर धनी खंयचो पक्को?" आई म्हणाली, "अहो, ती गाडी आसा, लुगडा न्हय." बाबा म्हणाले, "रंग तो रंग. जुनी खटारा वरसून रंगवन आणलेली आसा. जो गाडी रंगवता तो आणि काय काय रंगवीत." आणि मग, जेवायला बसताना, "संध्याकाळी बोलवा दोघांक. माल परत करूचो तर तोंडार करूचो." ताईने बाबांच्या पानात भात वाढला. भात नेहमीपेक्षा जास्त पडला.

दिवेलागणीला मधुकर आणि गणूकाका आले. बाबांनी पाणी दिलं, दलालाला द्यायचे तसंच, आणि ते फडकं बाकावर पसरलं. "ह्या काय?"

"फडकं," मधुकर म्हणाला.

"हिरवां कित्याक?"

मधुकर हसला. त्याला खरोखरच हसू आलं होतं, हे मला आता कळतं. "पॉलिश केलं की येतंच, भाऊ. उन्हाने वरचा रंग मरतो, तो निघतो. पहिल्या हाताला जरा सुटतो, मग नाही."

बाबांनी मान हलवली, दलालापुढे हलवत तशीच. त्या बिचाऱ्याला कळेना की काय झालं. आतून आतेचा आवाज आला, "इलो! पहिल्या धुण्यातलो इलो!"

त्याने सांगितलं ते अक्षर न अक्षर खरं होतं. त्या काळच्या गाड्यांचा रंग तसाच असायचा. वरचा मेलेला पापुद्रा पॉलिशबरोबर फडक्यावर उतरायचा आणि खालचा चांगला रंग वर यायचा. पुढे मी स्वतः किती गाड्यांवर ते पाहिलं. हल्लीच्या गाड्यांना वरून काचेसारखा थर देतात, फडकं पांढरं ते पांढरंच निघतं. पण त्या संध्याकाळी हे ठाऊक असलेला एकच माणूस आमच्या ओटीवर होता, आणि त्याने नेमकं ते वाक्य उच्चारलं होतं जे बाबांनी जन्मभर खोट्या माणसांच्या तोंडून ऐकलं होतं.

गणूकाकांनी सावरायला घेतलं. "अरे भाऊ, रंगाचा काय घेवन बसलंस? मुलग्याची स्वतःची गाडी आसा, उद्या दुसरो रंग मारीत!" मधुकरने मान वळवून गणूकाकांकडे पाहिलं. ती मान ज्या तऱ्हेने वळली ते बाबांनी टिपलं, मीही टिपलं. पण आमच्याआधी ताई दारात आली होती. बघायला आलेल्या मुलाशी मुलीने आपणहून बोलायची रीत नव्हती. तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "गाडी तुमची, काय तुमी गाडयेचे?"

मधुकर उठून उभा राहिला. "मी गाडयेचो," तो म्हणाला. छापील मराठी संपलं होतं. "गाडी शेटची. मी चालवतंय. शेट सावंतवाडीक बहिणीकडे उतरलेत. मुलगी बघूक जातंय म्हटल्यार म्हणाले, गाडी घेवन जा, धुवन आण."

"मगे आमची गाडी कित्याक म्हणालंस?" बाबांनी विचारलं.

"आमी ड्रायवर सगळेच आमची म्हणतो. तुमी नाय म्हणत, आमचो समुद्र?"

हे बाबांना पटलं. पण ते कापडवाले होते. गठ्ठ्याची एक घडी बघून थांबणारे नव्हते. "समुद्राचा ऱ्हवांदे. त्या दिवशी जेवताना गणू स्वतःची गाडी म्हणालो, तेव्हा तू हयच बसललंस. ऐकलंस काय नाय?"

"ऐकलंय," मधुकर म्हणाला. "गप रवलंय."

गणूकाकांनी घाम पुसला. पुसायला त्यांना नेमकं तेच हिरवं फडकं सापडलं आणि कपाळभर हिरवा पट्टा उमटला. एरवी मी हसून लोळले असते. ताई आत निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दुकान बंद ठेवलं, जे ते गणपतीशिवाय कधी ठेवत नसत, आणि एसटीने सावंतवाडीला गेले. मुलाला नकार द्यायचा तर नुसता निरोप पुरला असता. सावंतवाडीला कशाला जायचं, हे आतेला कळेना. मला कळत होतं. गठ्ठा परत करायच्या आधी ते दुसरं टोकही ओलं करून बघत. संध्याकाळी ते परतले ते जास्तच त्रासलेले. आईने पुढे केलेला पेला तसाच हातात धरून बसले. "शेटक विचारलंय, हिरवी गाडी कोणाची? तो म्हणालो, आमची."

"मगे?" आई म्हणाली.

"मगे विचारलंय, मधुकर कोण? तो म्हणालो, आमचा माणूस आहे." बाबांनी कपाळाला हात लावला. "सगळा आमचाच. ह्या माणसांक दुसरो शब्द येयत नाय." मग पाणी प्यायले. "तेची खोली खरी. नोकरी खरी. दारू पियत नाय. शेटच्या बायकोक विचारलंय, स्वैपाकिणीक पण विचारलंय." खरं निघाल्याबद्दलची त्यांची नाराजी लपत नव्हती.

आते म्हणाली, "म्हणजे ड्रायवराक आपला चेडू दितलंस?"

"गाडयेच्या धन्याक देवक मी भियत होतंय," बाबा म्हणाले. "ड्रायवराक लायसन तरी आसता. ता मी काल सकाळीच मागून बघलंय. खरा आसा."

आईने मात्र ताईलाच विचारलं. आम्ही तिघी मागच्या पडवीत आमसुलं वाळत घालत होतो, बोटं लाल झालेली. सगळी आमसुलं पसरून झाल्यावर ताई म्हणाली, "तो एकदा गप रवलो. विचारल्यार खरा सांगल्यान. गणूकाका विचारल्यार पण खरा सांगणत नाय, आणि तेंका आमी रोज चाय दितो." एवढंच. मधुकरवर तिचा जीव जडला होता वगैरे काही नव्हतं. तिने बोटाने काठ घासून बघितला होता आणि जेवढा रंग लागला तेवढा चालेल असं ठरवलं होतं.

मधुकर निघाला त्या सकाळी गाडी मी एकटीने पुसली, टपापासून खाली, देवळाच्या बावीच्या पाण्याने. दुसऱ्या हाताचं पॉलिशही मीच केलं. फडकं उलटून बघितलं. हिरवं होतं, पण फिकं. मी ते बाबांना दाखवलं नाही. त्यांनी येऊन स्वतःच बघितलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दुकानात गेले.

लग्नात ताईला द्यायचं कुंकवाच्या रंगाचं लुगडं बाबांनी स्वतः निवडलं. चार गठ्ठे परत केल्यावर पाचवा ठेवला. सगळ्या पाहुण्यांदेखत रुमाल ओला केला, काठावर घासला, उजेडाकडे धरला आणि पांढराशुभ्र रुमाल व्याह्यांना दाखवला. व्याह्यांना वाटलं ही आमच्याकडची काही रीत असेल. त्यांनी हात जोडले.

दिवाळीला दोघं आली, एसटीने. मधुकर आता बाबांना मामा म्हणायला लागला होता. ताई जरा जाड झाली होती आणि मुंबईच्या नळाच्या वेळा ह्या विषयावर पुष्कळ बोलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळे कपडे, लग्नानंतर एकदाही न धुतलेल्या त्या लुगड्यासकट, आमच्या बावीवर धुतले आणि मांडवाच्या दोरीवर वाळत घातले. बाबा दुकानात निघाले होते. दोरीपाशी थांबले. कुंकवाच्या रंगाच्या लुगड्याशेजारी मधुकरचा पांढरा शर्ट लटकत होता, आणि तो गुलाबी झाला होता. खांद्यापासून खालपर्यंत, ढगाळ, एखाद्या मुलाने रंगवावा तसा.

मधुकर ओटीवर पेज पीत होता. तो उठून आला, शर्टाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मी खांबाआड उभी होते. आता हा काय बोलतो ह्याची मला धास्ती वाटली, कारण बोलायचा हक्क त्याला पुरेपूर होता.

"पहिल्या धुण्यात जरा सुटता, मामा," तो म्हणाला. "मगे नाय."

बाबांनी शर्टाची बाही हातात घेतली, उलटली, उजेडाकडे धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग बावीकडे वळून ताईला हाक मारली.

"गो, साबण खंयचो वापरलंस?"